'नाइस' म्हणजे नेमकं किती चांगलं?

भाषेच्या शंका : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात पाच पत्रं अशी आली की गावं वेगळी, माणसं वेगळ्या वयांची, पण शब्द एकच. 'नाइस'. एकतीस वर्षं मी जळगाव जिल्ह्यातल्या शाळांमधून इंग्रजी शिकवलं. या एका शब्दाने मुलांना किती अडवलं आणि किती वेळा तारून नेलं, ते मी वर्गात उभं राहून पाहिलं आहे. त्यामुळे बाकीच्या शंका पुढच्या अंकात घेऊ. या वेळची सगळी जागा 'नाइस'ला.

बाई, माझा मुलगा दहावीला आहे. शाळेची सहल पाटणादेवीला गेली होती, त्यावर त्याने इंग्रजीत निबंध लिहिला. बस नाइस होती, देऊळ नाइस होतं, जेवण नाइस होतं आणि शिक्षक नाइस होते, असं चार ठिकाणी आलं. सरांनी चारही शब्दांना लाल गोल केले आणि खाली लिहिलं, 'चांगल्या इंग्रजीत नाइस वापरत नाहीत.' पोरगा हिरमुसला आहे. हा शब्द खरंच चूक आहे का?
एक पालक, यावल

भाऊ, आधी पोराला सांगा, शब्द चुकलेला नाही. 'नाइस' हा इंग्रजीतला रोजच्या वापरातला, सरळ शब्द आहे. सरांचा राग मात्र एकट्याचा नाही, त्याला दोनशे वर्षांची परंपरा आहे. मीसुद्धा नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत असेच गोल करत असे. ते चुकीचं होतं, कारण गोल करून मी थांबत असे. त्या जागी काय लिहायचं हे सांगत नसे.

या शब्दाचा प्रवास ऐका, फार गमतीचा आहे. मूळ लॅटिन शब्द 'नेस्किउस', म्हणजे अजाण. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं. याच 'स्कीरे'पासून पुढे 'सायन्स' झालं. ज्या धातूतून विज्ञान आलं, त्याच्याच नकारातून 'नाइस' आला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला १३०० सालाच्या आसपास, आणि तेव्हा एखाद्याला 'नाइस' म्हणणं म्हणजे त्याला खुळा म्हणणं होतं. जुना इंग्रजी कवी चॉसर याच्या काव्यात तो या अर्थाने भेटतो. मग अर्थ सरकत गेला. खुळा, मग नखरेल, मग लाजराबुजरा, मग खाण्यापिण्यात आणि कपड्यालत्त्यात नाक मुरडणारा, म्हणजे आपण ज्याला चोखंदळ म्हणतो तो. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये पाद्री म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं. त्याला म्हणायचं असतं, पत्र क्षुल्लक नव्हतं, फार महत्त्वाचं होतं. आजचा अर्थ धरून तो संवाद वाचला तर काहीच उलगडत नाही.

चोखंदळ माणूस बारीक बघतो, म्हणून पुढे 'नाइस' म्हणजे बारीक, सूक्ष्म, नेमका. हा अर्थ अजून जिवंत आहे. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, अगदी सूक्ष्म फरक. कायद्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात 'अ नाइस पॉइंट' दिसला तर तो कौतुकाचा शब्द समजू नका. मुद्दा केसाइतका बारीक आहे, असं लेखक सांगतो आहे. आपण आज वापरतो तो 'छान, सुखावणारा' हा अर्थ सगळ्यांत धाकटा. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला.

खुळा ते छान, हे वाचून नवल वाटत असेल तर आपल्या घरातला 'मुग्ध' काढून बघा. संस्कृतात 'मुह्' या एकाच धातूची 'मूढ' आणि 'मुग्ध' ही दोन भावंडं. मुग्ध म्हणजे मुळात भांबावलेला, काही न कळणारा. न कळणाऱ्या मुलाचा निरागसपणा गोड वाटला, म्हणून मुग्ध गोड झाला. आज आपण मुलीचं नाव मुग्धा ठेवतो. मूढ मात्र तिथेच राहिला. 'मस्त' म्हणजे फारसीत दारूने झिंगलेला, आणि आपण शेवभाजीला मस्त म्हणतो. उलटा प्रवासही होतो. अशोकाच्या शिलालेखांत 'देवानांपिय', देवांचा लाडका, ही राजाची पदवी. पुढे संस्कृत पंडितांकडे 'देवानांप्रिय' म्हणजे चक्क मूर्ख झाला. इंग्रजीतला 'सिली' तसाच. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ शब्द सुखी, भाग्यवान अशा अर्थाचा होता. म्हणजे 'सिली' वरून खाली आला आणि 'नाइस' खालून वर गेला.

आता सरांच्या रागाकडे येते. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत, जी तिच्या मृत्यूनंतर १८१७च्या डिसेंबरात बाहेर आली, नायक नायिकेला याच शब्दावरून छेडतो. पुस्तक नाइस, दिवस नाइस, फिरणं नाइस, आपणही नाइस, या शब्दात सगळंच मावतं, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून इंग्रजी शिकवणारे हा शब्द खोडत आले आहेत. त्यांची तक्रार एवढीच की 'नाइस'मधून बोलणारा खूश आहे हे कळतं, पण कशावर खूश आहे हे कळत नाही.

इथे मला माझे वडील आठवतात. ते धरणगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. बैलगाडी आली की वरचा कापूस ते बघतच नसत. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून मधला काढायचे. सरकीपासून चिमूटभर रुई सोडवायची, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून हळूच ओढायची, तुटलेला अर्धा भाग पहिल्यावर ठेवायचा, पुन्हा ओढायचा. असं पाच-सहा वेळा केलं की सगळे तंतू एका रेषेत येत. मग ती झुलपी कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून डोळे बारीक करून बघायचे. लांबी किती, मध्येच तुटतो का, पिवळी झाक आहे का. आणि मग एकच शब्द. 'बरा', 'चांगला', किंवा 'बेस', म्हणजे एकदम उत्तम. शेतकरी जुवाजवळ उभा राहून त्या शब्दाची वाट बघायचा, कारण शब्द बदलला की भाव बदलायचा. मी शाळेतून येऊन तिथे पाटी घेऊन बसत असे. अख्ख्या हंगामात 'बेस' मी दोनदा-तीनदा ऐकला असेल. त्या दिवशी गाडीवान गावाला जाताना बैलांशी गप्पा मारत जायचा.

वडिलांचं ते बघणं म्हणजे जुन्या अर्थाने 'नाइस', सूक्ष्म. त्यातून निघालेला शब्द नव्या अर्थाने 'नाइस', पसंतीचा. पण ते बघणं आधी होतं म्हणून त्या शब्दाला वजन होतं.

तुमच्या मुलाचा निबंध याच नजरेने बघा. 'आवर टीचर्स वेअर नाइस' हे वाक्य मी तसंच ठेवीन. माणसाबद्दल 'नाइस' म्हटलं की त्याचा अर्थ चांगला नेमका असतो. वागायला गोड, समजून घेणारा, खेकसत नाही असा. बस नाइस म्हणजे काय? खिडकीजवळ जागा मिळाली? गाडी वाटेत बंद पडली नाही? तेच लिहायचं. जेवणाचं ताटात काय होतं ते लिहायचं. आणि देवळाबद्दल तर त्याला सांगायला कितीतरी आहे. पाटणादेवीच्या परिसरात सापडलेल्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची हकीकत आहे. गणित शिकणाऱ्या दहावीच्या मुलाने हे पाहून यावं आणि 'द टेम्पल वॉज नाइस' एवढंच लिहावं, याचं मला वाईट वाटतं. शब्दाचा दोष त्यात नाही. त्याला बघायला कुणी शिकवलं नाही.

मॅडम, आम्ही केळी पॅक करून आखाती देशांत पाठवतो. गेल्या हंगामात तिकडच्या गिऱ्हाइकाचा मेल आला : 'इट वुड बी नाइस इफ द लेबल्स कुड बी चेंज्ड बिफोर लोडिंग.' आम्ही समजलो, लेबलं बदलली तर छान, नाही बदलली तरी चालेल. कंटेनर तसाच रवाना केला. त्यावरून फार कटकट झाली आणि पैसे कापले गेले. आमचं चुकलं कुठे?
केळी उत्पादक, रावेर तालुका

दादा, तुमचं नुकसान झालं याचं खरंच वाईट वाटतं. वाक्य तुम्ही शब्दाला शब्द बरोबर वाचलंत. पण ते विनंतीचं वाक्य होतं, आणि गिऱ्हाइकाची विनंती म्हणजे जवळजवळ हुकूम.

आपल्याकडचंच बघा. उन्हातून आलेले सासरे ओट्यावर टेकतात आणि कुणाचंही नाव न घेता म्हणतात, 'घोटभर चहा झाला तर बरं होईल.' ते ऐकून घरात कुणी 'झाला तर झाला' म्हणून बसून राहतं का? आतून भांड्याचा आवाज येतोच. 'इट वुड बी नाइस इफ' म्हणजे तंतोतंत हे 'तर बरं होईल'. जितकं सौम्य बोलणं, तितकी ती गोष्ट व्हावी अशी अपेक्षा. विशेषतः ब्रिटिश वळणाचं इंग्रजी बोलणारे लोक असं फार बोलतात.

गोंधळ वाढतो तो दुसऱ्या एका प्रयोगाने. 'नाइस टू हॅव'. याचा अर्थ अगदी उलटा : असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. कंपन्यांच्या कागदांत दोन याद्या असतात, 'मस्ट हॅव' आणि 'नाइस टू हॅव'. दुसऱ्या यादीतली गोष्ट राहिली तर कुणी पैसे कापत नाही. म्हणून मेल वाचताना 'नाइस'वर बोट ठेवू नका, त्याच्या आजूबाजूला बघा. पुढे 'टू हॅव' आहे, तर ती जादाची गोष्ट. मागे 'इट वुड बी' आणि पुढे 'इफ' आहे, तर ते काम सांगितलं आहे.

आणि शंका आली तर विचारायला लाजू नका. 'डू यू वॉन्ट अस टू चेंज द लेबल्स? वी विल लोड ओन्ली आफ्टर दॅट.' एवढं एक वाक्य पाठवलं असतं तर उत्तर 'येस' आलं असतं. केळीचा माल थांबत नाही, घड उतरला की घड्याळ सुरू होतं, हे मला माहीत आहे. तरीही ही पाच मिनिटं काढा. केळ्यांची फणी डागी आहे की नाही हे तुम्ही तेरा किलोच्या खोक्यात भरताना एकेक करून बघता. मेलमधलं वाक्यही तसंच हातात घेऊन फिरवून बघायचं.

तुमच्यासारख्यांना आणखी एक प्रयोग भेटेल, 'नाइस ट्राय'. काम फसल्यावर हे म्हणतात. 'प्रयत्न चांगला होता' हा त्याचा सरळ अर्थ, आणि मुलांच्या खेळात तो मनापासूनच असतो. व्यवहारात, भावावरून घासाघीस चालू असताना कुणी 'नाइस ट्राय' म्हणालं, तर समजा : तुमची चाल माझ्या लक्षात आली आहे, या भावाला मी तयार नाही.

नमस्कार बाई. माझी पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. 'यू लुक नाइसली' बरोबर की 'यू लुक नाइस'? 'नाइस टू मीट यू' आणि 'नाइस मीटिंग यू' यांत काय फरक? 'नाइस ऑफ यू' की 'नाइस टू यू'? आमच्या क्लासमध्ये प्रत्येक जण वेगळं सांगतो.
एक विद्यार्थी, धुळे

बेटा, 'यू लुक नाइस'. इथे 'लुक' म्हणजे 'दिसणं', आणि दिसतो तो माणूस कसा आहे हे सांगायचं आहे, म्हणून विशेषण. वास, चव, आवाज, स्पर्श यांनाही हेच. 'द टी स्मेल्स नाइस'. 'नाइसली' येतं ते काम कसं केलं हे सांगायला : 'शी साँग नाइसली'. दवाखान्यात 'द पेशंट इज डुइंग नाइसली' ऐकलंस तर पेशंटला उतार पडतो आहे.

'नाइस टू मीट यू' पहिल्या भेटीच्या सुरुवातीला. 'नाइस मीटिंग यू' निघताना. मुलाखतीच्या खोलीत शिरताना पहिलं म्हण, उठताना दुसरं. आधी ओळख झालेली असेल तर 'मीट' नको, 'नाइस टू सी यू अगेन' म्हण.

'ऑफ' आणि 'टू' यांतला फरक नीट धर. 'इट वॉज नाइस ऑफ यू टू कॉल' म्हणजे तुम्ही फोन केलात, हा तुमचा चांगुलपणा. 'ही वॉज नाइस टू मी' म्हणजे तो माझ्याशी गोड वागला. 'ऑफ'च्या पुढे ज्याचा चांगुलपणा तो माणूस, 'टू'च्या पुढे ज्याला तो मिळाला तो.

तू विचारलं नाहीस तरी दोन गोष्टी सांगते, कारण खानदेशातल्या मुलांच्या वह्यांत मी त्या सगळ्यांत जास्त दुरुस्त केल्या. 'मोअर नाइस' नको, 'नाइसर' आणि 'नाइसेस्ट'. आणि विशेषणांची ओळ लागली की मत आधी, मग आकार, मग नवंजुनं, मग रंग, मग कशाचं बनलं ते. 'अ नाइस न्यू कॉटन शर्ट'. 'अ कॉटन नाइस शर्ट' कानाला लगेच खटकतं. आपणही 'छान नवा सुती शर्ट' म्हणतो, 'सुती नवा छान शर्ट' म्हणत नाही, म्हणजे हा क्रम तुझ्या कानात आहेच. आणि गरमागरम चहाला 'नाइस अँड हॉट' म्हणतात. तिथे 'अँड' म्हणजे 'आणि' असं समजू नकोस. 'चांगला कडक गरम' म्हणताना आपला 'चांगला' जे काम करतो, तेच तो 'नाइस अँड' करतो.

मुलाखतीत तुझ्या गावाबद्दल विचारलं तर 'माय व्हिलेज इज व्हेरी नाइस' म्हणून थांबू नकोस. समोरच्या माणसाने त्या दिवशी हे वाक्य बऱ्याच जणांकडून ऐकलेलं असेल.

बाई, 'नाइस' लिहिलेल्या बिस्किटाला माझे इंग्लंडहून आलेले मेव्हणे 'नीस' म्हणाले. बरोबर कोण?
एक वाचक, शहादा

दोघंही. साखर भुरभुरलेलं, खोबऱ्याच्या चवीचं ते बिस्किट इंग्लंडात बरेच जण 'नीस' म्हणतात, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शहराच्या नावावरून. काही जण 'नाइस' म्हणतात आणि त्यावरून तिकडे घराघरांत वाद होतात. त्या शहराचा आपल्या विशेषणाशी संबंध नाही. त्याचं नाव ग्रीक 'निके', म्हणजे विजय, यावरून आलं. स्पेलिंग तेवढं सारखं. इंग्रजीत भाचीला किंवा पुतणीलाही 'नीस'च म्हणतात, तिचं स्पेलिंग मात्र वेगळं. आपल्या दुकानात 'नाइस' म्हणून मागा, दुकानदाराला ते कळतं.

बाई, मी आता बहात्तरची. नात टेक्सासला असते, आठ वर्षांची. दर रविवारी फोनवर दिसते. मी तिला भरीत दाखवलं, म्हणाली, 'नाइस, आजी.' मोती कुत्रीला पिल्लं झाली, 'नाइस'. पारिजातकाचा सडा दाखवला, 'नाइस'. आजोबांचं पाय दुखणं कमी झालं म्हणून सांगितलं, तरी 'नाइस'. सगळ्याला एकच शब्द. तिला खरंच आवडतं, का पोरगी तोंडदेखलं बोलते? फोन ठेवला की मन खट्टू होतं.
एक आजी, अमळनेर

आक्का, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिलं म्हणजे, ती तोंडदेखलं बोलत नाही. अमेरिकेत मुलं आणि मोठी माणसंही कुणी काही सांगितलं की 'नाइस' म्हणतात. ते उत्तर कौतुकाचं कमी आणि हुंकाराचं जास्त असतं. तुम्ही लहानपणी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून गोष्ट ऐकायचात, तेव्हा 'हूं' देत होतात ना? 'हूं' थांबला की आजी ओळखायची, पोर झोपलं. तुमच्या नातीचा 'नाइस' म्हणजे तो 'हूं'. ती जागी आहे, ऐकते आहे. आजोबांच्या पायाला 'नाइस' म्हणाली, तिथे तिला 'बरं झालं' म्हणायचं होतं. आपल्याकडे 'अरे वा', 'हो का', 'बरं झालं', 'छान', 'भारी', 'मस्त' असे सहा शब्द सहा ठिकाणी जातात. तिच्याकडे तिथे एकच आहे.

दुसरं, शब्द एक असला तरी सूर एक नसतो. पुढच्या रविवारी कान देऊन ऐका. 'नाऽऽइस' असा लांबला, शेवटी वर चढला, तर पोरगी खूश आहे. तुटक, सपाट 'नाइस' आला आणि नजर बाजूला गेली, तर तिचं लक्ष दुसरीकडे आहे. तेव्हा विषय बदला, वाईट वाटून घेऊ नका. आठ वर्षांच्या पोरीचं लक्ष अमळनेरातही असंच उडतं.

तिसरं जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही तिला तयार भरीत दाखवता आणि विचारता, 'कसं झालं?' ती फोनमधून ना वास घेऊ शकत, ना चव. ती बिचारी 'नाइस'शिवाय म्हणणार काय? तिला करताना दाखवा. अंगणात पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवल्यात की फोन लावा. दोन वांगी ठेवा, एक मोठं, एक त्याहून लहान, आणि विचारा, 'आधी कुठलं भाजून होईल?' तिला बघावं लागेल. साल फुटायला लागली की विचारा, 'काढू का अजून ठेवू?' बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, घालून कुटताना मिरची तिच्यासमोर मोजा, 'चार घालू का सहा?' तिला सांगा की आपल्या जळगावच्या या भरिताच्या वांग्याला आणि आपल्या केळीलाही २०१६ साली सरकारी भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे वांगं आमच्याच मातीचं, असं कागदावर लिहिलेलं आहे. मुलांना असल्या गोष्टी शाळेत जाऊन सांगायला फार आवडतात. ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाइस' होऊच शकत नाही, तो प्रश्न विचारा. मग बघा, किती बोलते ती.

आणि तिला एक शब्द द्या. वर मी माझ्या वडिलांच्या 'बेस'बद्दल लिहिलं आहे. तुमच्या घरात अहिराणी असेल तर 'बेस शे', म्हणजे 'बेस आहे', असं पूर्ण द्या. तिला सांगा, हा शब्द जपून ठेवायचा. रोज नाही, भेटेल त्याला नाही. जे सगळ्यांत आवडलं, त्यालाच म्हणायचं, आणि महिन्यातून एकदाच. मुलांना असा नेम दिला की ती फार मनापासून पाळतात. 'नाइस' रोजचा राहू द्या, तो तिचा 'हूं' आहे. पण ती शब्द राखून ठेवायला लागली की दर रविवारी तुम्ही दाखवाल ते ती नीट बघेल. आज 'बेस' म्हणावं का, का पुढच्या वेळी याहून चांगलं काही येईल, असा विचार करेल. पारिजातक आणि पिल्लं यांत तिला निवड करावी लागेल.

तुम्हीही तोच नेम पाळा. तिने चित्र दाखवलं की लगेच 'छान छान' म्हणू नका. चष्मा लावा, फोन जवळ घ्या, झाडाला हिरव्याशिवाय आणखी कुठला रंग दिला आहे ते विचारा, घराला दार आहे का ते बघा. मग वाटलं तर म्हणा, 'हे बेस शे.'

ती पहिल्यांदा 'बेस' कशाला म्हणते, ते मला कार्डावर दोन ओळी लिहून जरूर कळवा. मी वाट बघते.